पुरुष प्रजननसंस्थेचे कर्करोग कसे अभ्यासावेत

शस्त्रक्रियाशास्त्राच्या पुस्तकांत वृषण, शिश्न आणि प्रोस्टेट यांच्या कर्करोगांची प्रकरणे लागोपाठ येतात, म्हणून विद्यार्थीही ती लागोपाठ पाठ करतात. मग तोंडी परीक्षेत परीक्षकाने ‘वृषणाच्या गाठीत जांघेतल्या लसीका ग्रंथी सहसा का वाढत नाहीत?’ एवढेच विचारले की पाठांतराची साखळी तुटते. या रोगांचा अभ्यास करताना टप्पे, वर्गीकरणे आणि औषधांची नावे यांच्याही आधी दोन प्रश्न विचारावेत, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो आहे. हा अवयव गर्भात कोठे तयार झाला, आणि त्याची लसीका (लिम्फ, म्हणजे ऊतींतून परत वाहणारा द्रव) व त्याचे रक्त आज कोठे जाते? ही दोन उत्तरे पक्की असली, तर रोग कोठे पसरेल, कोणता भाग हाताने तपासायचा आणि शस्त्रक्रियेचा छेद कोठे घ्यायचा, हे बरेचसे स्वतःच्या विचाराने सांगता येते.

सुरुवात वृषणापासून करावी, कारण तेथे हे सूत्र सर्वांत स्पष्ट दिसते.

वृषण

वृषण वृषणकोशात राहते, पण ते तेथले मूळचे रहिवासी नाही. गर्भात ते पोटाच्या मागच्या भिंतीवर, मूत्रपिंडाच्या शेजारी तयार होते, सातव्या महिन्याच्या सुमारास जांघेच्या नलिकेतून खाली उतरू लागते आणि जन्माच्या आसपास वृषणकोशात पोहोचते. उतरताना ते आपली रोहिणी, शीर, मज्जातंतू आणि लसीकावाहिन्या सोबत घेऊन येते. म्हणूनच वृषणाची रोहिणी थेट महारोहिणीतून निघते, डावीकडची शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जाऊन मिळते, वृषणाला मार लागला की कळ बेंबीपर्यंत जाते, आणि वृषणाची लसीका महारोहिणीभोवतालच्या, म्हणजे पॅरा-एऑर्टिक ग्रंथींत जमा होते. वृषणकोशाची त्वचा मात्र मूळची तिथलीच आहे, त्यामुळे तिची लसीका जांघेतल्या इंग्वायनल ग्रंथींत जाते. एकाच पिशवीतल्या दोन गोष्टींच्या लसीकेच्या वाटा अशा पूर्णपणे वेगळ्या आहेत, हे विद्यार्थ्याने वहीत स्वतःच्या हाताने आकृती काढून समजून घ्यावे. छापील आकृती पाहून हे लक्षात राहत नाही.

या एका आकृतीतून शस्त्रक्रियेचा सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो. वृषणात घट्ट गाठ लागली आणि कर्करोगाची शंका आली, तर वृषणकोशातून सुई घालून तुकडा किंवा पेशी काढू नयेत, आणि वृषणकोशावर छेद घेऊन वृषणही काढू नये. तसे केल्यास रोगाच्या पेशी वृषणकोशाच्या त्वचेत सांडू शकतात आणि तोवर बंद असलेली जांघेची वाट त्यांना मोकळी होते. योग्य शस्त्रक्रिया जांघेतून केली जाते. वृषणरज्जू जांघेच्या नलिकेच्या आतल्या कड्यापाशी आधी बांधून घेतात आणि मग वृषण वर ओढून रज्जूसह काढतात. तिला रॅडिकल इंग्वायनल ऑर्किडेक्टमी म्हणतात, आणि या नावातील ‘इंग्वायनल’ या शब्दाचे कारण सांगता आले की विषय समजला असे मानायला हरकत नाही.

आता एका रुग्णाची हकीकत. पाठ दुखते म्हणून चार महिने वेदनाशामक गोळ्या घेत असलेला, पंचविशीतला, ट्रॅक्टर चालवणारा एक तरुण वॉर्डमध्ये दाखल झाला. पोटाच्या सोनोग्राफीत महारोहिणीभोवती मोठी गाठ दिसत होती. दोन दिवस राउंडमध्ये क्षयरोग की लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) याचीच चर्चा चालली. तिसऱ्या दिवशी एका इंटर्नने पलंगाचा पडदा ओढून घेतला, रुग्णाला शांतपणे विचारले आणि तपासले, तेव्हा डावे वृषण दगडासारखे घट्ट लागले. रुग्णाला ते सात-आठ महिन्यांपासून ठाऊक होते. दुखत नव्हते, म्हणून त्याने सांगितले नव्हते, आणि कोणी विचारलेही नव्हते. तरुण पुरुषाच्या पोटात मागच्या बाजूला गाठ असेल, किंवा मानेत डाव्या गळपट्टीच्या हाडावरच्या खळीत ग्रंथी वाढली असेल, तर वृषणे तपासल्याशिवाय केस शीट पूर्ण झाली असे समजू नये. डावीकडच्याच खळीचे कारणही त्याच आकृतीत आहे, कारण पोटातली लसीका थोरॅसिक डक्ट या मुख्य लसीकावाहिनीतून वर चढून डाव्या बाजूलाच शिरेत रिकामी होते.

तपासणी कशी करावी, हे पुस्तकात दोन ओळींत उरकलेले असते. प्रत्यक्षात हातांना ती सवयीनेच येते. आधी परवानगी घ्यावी, पडदा ओढावा आणि हात गार असतील तर चोळून ऊबदार करावेत, कारण गार हातांनी वृषणकोश आक्रसतो आणि काहीच नीट लागत नाही. रुग्णाला प्रथम उभे करून पाहावे, नंतर झोपवावे. निरोगी बाजू आधी तपासावी. वृषण अंगठा आणि पहिली दोन बोटे यांच्यामध्ये अलगद धरून फिरवावे. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखे ते गुळगुळीत आणि किंचित दबणारे लागते, आणि मागच्या बाजूला एपिडिडिमिसची, म्हणजे शुक्राणू साठवणाऱ्या नळीची, मऊ कड हाताला येते. मग सुजलेल्या बाजूकडे वळावे. सुजेच्या वर बोटे पोहोचतात का, हे आधी पाहावे. पोहोचत नसतील, तर ती सूज वरून उतरलेल्या हर्नियाची असण्याचा संभव मोठा. पोहोचत असतील, तर वृषण सुजेपासून वेगळे लागते की सूज वृषणाचीच आहे हे ठरवावे. त्यानंतर खोलीत अंधार करून टॉर्च लावावा. हायड्रोसीलमध्ये वृषणाभोवती पाणी असल्याने उजेड लालसर पसरतो, घट्ट गाठीतून तो पलीकडे जात नाही. येथे एक धोका आहे. काही रुग्णांत गाठीभोवती पाणीही साठते, आणि उजेड पसरलेला पाहून आत लपलेली गाठ सुटून जाते. वृषण बोटांना स्वतंत्रपणे नीट लागत नसेल तर सोनोग्राफी करून घ्यावी, टॉर्चवर विसंबू नये.

वृषणाच्या सुमारे 95 टक्के गाठी बीजपेशींपासून, म्हणजे जर्म सेलपासून होतात. त्यांचे सेमिनोमा आणि नॉन-सेमिनोमा असे दोन गट करतात, कारण दोघांचे वागणे आणि उपचार वेगळे आहेत. सेमिनोमाची स्लाइड एकदा नीट पाहिली की विसरत नाही. मोठ्या, फिकट, पाणीदार पेशींचे समूह, प्रत्येक पेशीच्या मधोमध केंद्रक, आणि समूहांच्या मधल्या पातळ पडद्यांत लिम्फोसाइट पेशींची दाटी दिसते. नॉन-सेमिनोमात एम्ब्रियोनल कार्सिनोमा, योक सॅक ट्यूमर, कोरिओकार्सिनोमा आणि टेराटोमा येतात, आणि पुष्कळदा ते एकमेकांत मिसळलेले असतात. लहान मुलांत योक सॅक ट्यूमर अधिक आढळतो, विशी-तिशीत बीजपेशींच्या या दोन्ही गटांतील गाठी, आणि साठीनंतर वृषणात गाठ आली तर लिम्फोमाचा विचार आधी करावा. वय विचारल्याबरोबर निदानाची अर्धी यादी गळून पडते.

रक्तातील खुणा, म्हणजे ट्यूमर मार्कर, पाठ करण्यापेक्षा कोणती पेशी काय तयार करते यावरून लक्षात ठेवाव्यात. योक सॅक गर्भात अल्फा-फीटोप्रोटीन तयार करते, म्हणून त्या गाठीतही ते वाढते. वार एचसीजी हे संप्रेरक तयार करते आणि कोरिओकार्सिनोमा वारेच्या पेशींसारखा असतो, म्हणून तेथे एचसीजी फार वाढते, कधी रुग्णाचे स्तनही वाढतात. शुद्ध सेमिनोमात अल्फा-फीटोप्रोटीन वाढत नाही. पॅथॉलॉजीच्या अहवालात सेमिनोमा लिहिला असला आणि ते वाढलेले असले, यकृताच्या आजारासारखे दुसरे कारण नसले, तर रुग्णाला नॉन-सेमिनोमा आहे असे धरूनच उपचार करतात. अल्फा-फीटोप्रोटीनची पातळी निम्मी व्हायला सुमारे 5 ते 7 दिवस लागतात आणि एचसीजीची 24 ते 36 तास. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी आणि नंतर अशा दोन्ही वेळा रक्त तपासावे लागते, आणि अपेक्षित वेगाने आकडा उतरला नाही तर शरीरात रोग उरला आहे असे समजावे. कर्करोगाचे टप्पे ठरवण्याच्या टीएनएम (गाठ, लसीका ग्रंथी, दूरचा प्रसार) पद्धतीत रक्तातील खुणांसाठी ‘एस’ हे स्वतंत्र अक्षर या अवयवाला मिळाले आहे, त्यामागचे कारण हेच.

उपचारांचा इतिहास या ठिकाणी वाचावाच, कारण घन गाठींचा कर्करोग शरीरभर पसरल्यानंतरही औषधांनी बरा होतो याचे हे सर्वांत ठळक उदाहरण आहे. 1965 मध्ये अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे जीवाणूंवर विद्युतक्षेत्राचा परिणाम पाहत होते. जीवाणूंचे विभाजन थांबले, ते लांबट होत गेले, आणि शोध घेता त्याचे कारण विजेत न सापडता प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या संयुगांत सापडले. त्यातून सिस्प्लॅटिन हाती आले. 1974 मध्ये इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते व्हिनब्लास्टिन आणि ब्लिओमायसिन यांच्यासोबत जॉन क्लेलंड या तरुणाला दिले. त्याचा रोग सर्वत्र पसरलेला होता, आणि तो बरा झाला. पुढे व्हिनब्लास्टिनची जागा इटोपोसाइडने घेतली आणि आजचा बीईपी (ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, प्लॅटिनम) हा उपचारक्रम रूढ झाला. औषध देण्याआधी दोन गोष्टी कधीही चुकवू नयेत: ब्लिओमायसिनमुळे फुप्फुसांना इजा होते म्हणून त्यांची तपासणी, आणि रुग्ण तरुण असल्याने वीर्य जतन करण्याविषयी त्याच्याशी स्पष्ट बोलणे. ही दुसरी गोष्ट घाईत राहून जाते, आणि एकदा औषधे सुरू झाली की ती वेळ परत येत नाही.

न उतरलेले वृषण हा सर्वांत ठाऊक असलेला धोका. ते शस्त्रक्रियेने खाली आणून बसवले तर धोका कमी होतो, तो पूर्ण जात नाही. शस्त्रक्रिया लवकर, शक्यतो 6 ते 18 महिन्यांच्या वयात करावी, आणि त्यामुळे पुढे त्या वृषणावर हात ठेवून गाठ ओळखता येते हाही एक फायदा आहे.

वृषणकोश आणि शिश्न

वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग आज क्वचितच दिसतो, तरी त्याचा इतिहास प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा. 1775 मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी चिमण्या साफ करणाऱ्यांना होणाऱ्या या व्रणाचे वर्णन केले आणि त्याचे कारण काजळी असल्याचे लिहिले. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली नोंद मानली जाते. ही माणसे कोवळ्या वयात अरुंद चिमण्यांत चढवली जात, आणि रोग मात्र पुष्कळ वर्षांनी उमटे. त्या काळचे वैद्य हा गुप्तरोग समजून पारा देत, हेही पॉट यांनी नोंदवले आहे. पुढे 1915 मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशाच्या कानावर पुन्हा पुन्हा डांबर लावून कर्करोग निर्माण केला आणि पॉट यांच्या तर्काला प्रयोगाचा आधार मिळाला. या त्वचेची लसीका जांघेत जाते, हे आता सांगावे लागू नये.

शिश्नाचे सूत्रही तेच. त्वचा, अग्रत्वचा आणि शिश्नमुंड यांची लसीका जांघेतल्या वरवरच्या ग्रंथींत, तेथून खोलवरच्या ग्रंथींत आणि मग ओटीपोटात जाते. मात्र मुळापाशी लसीकावाहिन्या एकमेकींत मिसळतात, त्यामुळे एका बाजूच्या व्रणाचा रोग दोन्ही जांघांत जाऊ शकतो, आणि तपासणी नेहमी दोन्ही बाजूंची करावी लागते. सेंटिनल नोड, म्हणजे रोग सर्वांत आधी ज्या ग्रंथीत पोहोचतो ती पहारेकरी ग्रंथी, ही कल्पना आज सर्वांना स्तनाच्या कर्करोगामुळे माहीत आहे. पण 1977 मध्ये रॅमॉन काबानास यांनी ती शिश्नाच्या कर्करोगाच्या संदर्भात मांडली होती. माझ्या मते या रोगाचा अभ्यास ग्रंथींपासून उलटा करावा, कारण रुग्णाचे भवितव्य मूळ व्रणाच्या आकारापेक्षा जांघेतल्या ग्रंथींवर अधिक अवलंबून असते.

हा कर्करोग जवळजवळ नेहमी स्क्वॅमस पेशींचा असतो. 2022 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात एचपीव्ही या विषाणूशी संबंधित आणि एचपीव्हीशी असंबंधित असे त्याचे दोन भाग केले आहेत. अग्रत्वचा मागे न सरकणे म्हणजे फायमोसिस, त्याखाली साचणारा मळ आणि दाह, तंबाखू, आणि लायकेन स्क्लेरोसस हा त्वचारोग हे त्याचे इतर धोके आहेत. महाराष्ट्रातील वाचकाला येथे दोन नोंदणी केंद्रांची तुलना उपयोगी पडेल. मुंबईची कर्करोग नोंदणी 1963 पासून चालू आहे, आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे 1987 मध्ये देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शीच्या नोंदींत शिश्नाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा अधिक दिसते, तर प्रोस्टेटचे प्रमाण मुंबईत अधिक दिसते. पाण्याची आणि स्वच्छतेची सोय, आयुर्मान, तपासण्यांची उपलब्धता या सगळ्यांची छाया अशा आकड्यांवर पडते, म्हणून ते वाचताना घाईने निष्कर्ष काढू नये.

रुग्ण उशिरा येतो, आणि त्याचे कारण बहुतेकदा लाज हेच असते. तो ‘लघवीच्या जागी जखम आहे’, ‘चामडी मागे जात नाही’, ‘घाण वास येतो’ किंवा नुसतेच ‘जांघेत अवधाण आलंय’ (जांघेतली ग्रंथी सुजली आहे) असे सांगतो. यातल्या शेवटच्या वाक्यावर मलम आणि गोळ्या देऊन त्याला परत पाठवण्याची चूक फार होते. अवधाण म्हटले की पायाची जखम पाहण्याची आपल्याला सवय असते. तशीच अग्रत्वचा मागे घेऊन पाहण्याची सवय लावून घ्यावी, आणि ती मागे जात नसेल तर वरून दाबून आत कठीण काही लागते का ते पाहावे. पत्नी किंवा मुलगा शेजारी उभा असताना हे प्रश्न विचारू नयेत. वाढलेल्या ग्रंथी काही रुग्णांत केवळ जंतुसंसर्गाने वाढलेल्या असतात, पण संसर्गाचे औषध देऊन आठवडेच्या आठवडे वाट पाहण्यापेक्षा सुईने पेशी काढून तपासणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. वृषणाला निषिद्ध असलेली सुई येथे चालते, कारण या ग्रंथींत सुई घातल्याने रोगाला नवी वाट मिळत नाही. दोन अवयवांसाठी उलट नियम का, हा प्रश्न मित्राला विचारून पाहावा.

प्रोस्टेट

प्रोस्टेटमध्ये आधी भाग समजून घ्यावेत. वयानुसार होणारी साधी वाढ मूत्रनलिकेभोवतालच्या ट्रान्झिशन झोनमध्ये होते, म्हणून तिच्यात लघवीची धार लवकर बारीक होते. कर्करोग सुमारे 70 टक्के वेळा मागच्या, गुदाशयाकडच्या पेरिफेरल झोनमध्ये उगवतो. त्यामुळे सुरुवातीला लघवीची तक्रार नसते, पण गुदद्वारातून घातलेल्या बोटाला तो लागू शकतो. निरोगी प्रोस्टेट अंगठ्याच्या तळाशी असलेल्या मांसल उंचवट्यासारखे लागते, कर्करोगाचे बोटाच्या पेरासारखे कठीण. मूठ वळून हे दोन्ही स्पर्श आत्ताच आपल्या हातावर पाहता येतील.

पीएसए हे रक्तात मोजले जाणारे प्रथिन प्रोस्टेटचे आहे, कर्करोगाचे नाही. साधी वाढ, दाह, लघवी तुंबणे, नळी घालणे, या सगळ्यांत ते वाढते, आणि साध्या वाढीसाठी फिनास्टेराइड ही गोळी घेणाऱ्या रुग्णात ते सुमारे निम्म्यावर येते. औषधांचा इतिहास न विचारता आकडा वाचला तर कर्करोग निसटू शकतो. निदानाच्या वाटेवर आता बायोप्सीआधी एमआरआय करण्याकडे कल आहे. स्लाइडवर डोनाल्ड ग्लीसन यांनी 1966 मध्ये मांडलेली पद्धत पेशींपेक्षा ग्रंथींची रचना किती विस्कटली आहे हे पाहते. सर्वांत अधिक दिसणारा नमुना आधी आणि त्यानंतरचा मग, अशी बेरीज करतात. 3 अधिक 4 आणि 4 अधिक 3 यांची बेरीज 7 च येते, तरी दुसरा रुग्ण अधिक धोक्यात असतो, म्हणून आता त्यांना अनुक्रमे ग्रेड ग्रुप 2 आणि 3 असे वेगळे लिहितात. प्रत्येक रुग्णाला लगेच उपचार लागतात असेही नाही. कमी धोक्याच्या रोगात नियमित तपासण्यांसह केवळ लक्ष ठेवणे हा मान्य मार्ग आहे, आणि तो नातेवाइकांना नीट समजावून सांगणे हे उपचाराइतकेच अवघड काम आहे.

1941 मध्ये शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लेरेन्स हॉजेस यांनी दाखवले की वृषणे काढली किंवा इस्ट्रोजेन दिले, तर पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग मागे हटतो. हगिन्स यांना 1966 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढची बहुतेक संप्रेरक औषधे याच तत्त्वावर उभी आहेत. टेस्टोस्टेरॉन खाली आणणाऱ्या एलएचआरएच ॲगोनिस्ट इंजेक्शनाने सुरुवातीचे काही दिवस टेस्टोस्टेरॉन उतरण्याआधी वाढते, म्हणून आधी टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखणारी बायकॅल्युटामाइडसारखी गोळी देतात. या तपशिलाचे महत्त्व मणक्यांत रोग असलेल्या रुग्णात कळते.

मणके का? 1940 मध्ये ऑस्कर बॅटसन यांनी ओटीपोटातल्या शिरा आणि मणक्यांभोवतालच्या शिरा यांना जोडणारे, झडपा नसलेले जाळे दाखवले. झडपा नसल्याने खोकला किंवा कुंथणे यांनी पोटातला दाब वाढला की रक्त उलट दिशेने मणक्यांकडे जाऊ शकते, आणि रोगाच्या पेशी तेथे रुजण्याची ही एक वाट समजली जाते. पुष्कळ कर्करोग हाडे पोखरतात, प्रोस्टेटचा रोग मात्र बहुधा हाड दाट करतो. एक्स-रेवर पांढरे ठिपके दिसतात. सत्तरीतला गृहस्थ कंबरदुखी आणि लघवी तुंबल्याची तक्रार घेऊन रात्री आला, तर नळी घालून लघवी मोकळी झाल्यावर समाधान मानू नये. त्याला दोन्ही पाय सरळ उचलायला सांगावेत, पायांना मुंग्या येतात का आणि जिना चढताना पाय लटपटतात का हे विचारावे, आसनाभोवतालची संवेदना आणि गुदद्वाराची पकड तपासावी, आणि त्याच बोटाने प्रोस्टेटही. पायांत जोर कमी आढळला, तर मज्जारज्जूवर दाब आला आहे असे धरून त्याच रात्री डेक्सामेथासोन सुरू करावे, संपूर्ण पाठीच्या कण्याचा एमआरआय मागवावा आणि वरिष्ठांना उठवावे. उपचार सुरू होताना जो रुग्ण स्वतःच्या पायांवर चालत असतो, तो पुढेही चालत राहण्याची शक्यता मोठी असते. पायांतला जोर गेल्यानंतर तो परत मिळवणे फार कठीण असते.